मोठा एंजल मासा पाळायचा, तर आधी समुद्र पाळावा लागतो

आज आपण अशा एका माशाबद्दल बोलणार आहोत, जो आपण पाटीत घालून कधी विकला नाही आणि कालवणातही घातला नाही. हा शोभेचा मासा आहे. समुद्रातला मोठा एंजल मासा.

विषय निघाला तो असा. बोर्डी, घोलवड, नरपड, चिखले या पट्ट्यात पाहुण्यांसाठी घरं आणि रिसॉर्ट उभी राहिली. तिथे, किंवा मुंबईत एखाद्या नातेवाइकाच्या दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत निळा-पिवळा पट्ट्यांचा मासा फिरताना आपल्यातल्या काहीजणींनी पाहिला आहे. त्या माशाची किंमत ऐकली की बचत गटाच्या बैठकीत प्रश्न येतोच, "आपण समुद्राकाठच्या बाया. हा मासा आपण घरी वाढवून विकला तर?" झाईच्या ताई विचारतात, डहाणूच्या विचारतात, आणि समुद्रापासून आत असलेल्या तलासरीच्या गटांतूनही हाच प्रश्न येतो.

प्रश्न चांगला आहे. गटाचं कर्ज त्यात घालायचं की नाही, हे ठरवायच्या आधी हा मासा काय मागतो ते नीट समजून घेऊ.

हा मासा कोण?

दुकानात "एंजल" या नावाने दोन अगदी वेगळे मासे मिळतात. एक गोड्या पाण्यातला, पातळ चपटा, लांब पंखांचा, हाताच्या पंजात मावेल एवढा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. त्याची पिल्लं टाकीत सहज होतात आणि तो स्वस्त असतो. दुसरा समुद्रातला. या दोघांचं नाव एक, पण घराणं वेगळं. गोड्या पाण्यातला खाऱ्यात टाकला तर मरेल आणि खाऱ्यातला गोड्यात. म्हणून कोणी "एंजल" म्हणालं की आपला पहिला प्रश्न असा असावा, "गोड्या पाण्यातला की खाऱ्या?"

समुद्रातल्या एंजलमध्येही लहान-मोठ्या जाती आहेत. आपण बोलतोय त्या मोठ्या. एम्परर एंजल म्हणजे अंगावर पिवळ्या-निळ्या आडव्या रेघा आणि डोळ्यावर काळा पट्टा असलेला. हा लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांमध्ये राहतो. दुसरा ब्लू रिंग एंजल. त्याच्या तपकिरी अंगावर निळ्या वळणदार रेघा असतात आणि खांद्यापाशी निळं कडं असतं. हे मासे पूर्ण वाढले की ४० सेंटिमीटरच्या आसपास जातात, म्हणजे सव्वा फूट. कोपरापासून बोटांपर्यंत हात धरा, जवळजवळ तेवढा.

दुकानात मात्र तो दोन बोटांएवढा दिसतो, कारण तिथे पिल्लू विकतात. पिल्लाचा रंगही निराळा असतो. एम्परर एंजलचं पिल्लू गडद निळं, त्यावर पांढरी गोल वलयं. मोठं होताना ती वलयं जातात आणि पिवळ्या रेघा येतात. हा बदल एवढा मोठा आहे, की पूर्वी शास्त्रज्ञांनीही पिल्लू आणि मोठा मासा या दोन जाती समजून त्यांना दोन नावं दिली होती. असं का होतं? मोठा एंजल आपल्या हद्दीत दुसरा एंजल खपवून घेत नाही. पिल्लाचा रंग वेगळा असला, की त्याला तो आपला वैरी वाटत नाही आणि पिल्लू वाचतं, असं जाणकार मानतात.

आणखी एक खूण सांगतो. या माशाच्या गालापाशी, कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्याला, एक मजबूत काटा असतो. जाळीने धरलं की तो काटा जाळीत अडकतो, मासा तडफडतो आणि जखमी होतो. धरणाऱ्या हातालाही लागतो. म्हणून त्याला जाळीत न धरता पाण्यासकट डब्यात घ्यायचं.

आपला समुद्र आणि त्याचा समुद्र

"पण समुद्र तर आपल्या दारात आहे, पाणी आणायला काय लागतं?" असं वाटणं साहजिक आहे. इथे आपला समुद्र आठवून पाहा. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीला चिखल किती लांबपर्यंत उघडा पडतो. पाणी गढूळ असतं. पावसाळ्यात नद्या-नाले भरून आले की खाडीचं पाणी गोडसर होतं आणि उन्हाळ्यात पुन्हा खारट होतं. आपल्या खाडीतली बोय, जिताडा हे मासे हा सगळा फेरफार सोसतात. ते तशाच पाण्यात वाढलेले असतात.

एम्परर एंजलचं तसं नाही. प्रवाळ जिथे असतात तिथलं पाणी स्वच्छ असतं आणि वर्षभर जवळजवळ एकसारखं असतं. खारटपणा तोच, ऊब तीच, उजेड तोच. हजारो पिढ्या तशा पाण्यात गेल्यामुळे फरक सोसायची सवय त्याला लागलेली नाही. टाकीत त्याला जगवायचं म्हणजे रोज त्याच खारटपणाचा, त्याच उबेचा एक लहानसा समुद्र घरात सांभाळायचा. पाणी नीट राहिलं तर मासा राहतो. सगळी मेहनत पाण्याची असते.

समुद्राचं पाणी आणायचंच, तर ते किनाऱ्यावरून किंवा खाडीतून घेऊ नये. पावसाळा संपून पाणी निवळल्यावर होडीने आत जाऊन, चिखल, गटार आणि कारखान्याचं पाणी जिथे पोचत नाही तिथून घ्यावं. ते दाट कापडातून गाळावं आणि झाकलेल्या पिंपात अंधारात आठ-पंधरा दिवस ठेवावं. वापरण्याआधी खारटपणा मोजावा. तलासरीच्या ताईंना एवढं पाणी वाहून आणणं परवडायचं नाही. त्यांना तयार मीठ गोड्या पाण्यात विरघळवूनच समुद्र करावा लागेल.

मिठागराचं मीठ का चालत नाही?

मग मनात येतं, मीठ तर आपल्या जिल्ह्यात मिठागरातच पिकतं. खडे मीठ पाण्यात टाकलं की झालं समुद्राचं पाणी! पण तसं होत नाही, आणि का होत नाही हे आपल्याला सहज कळेल.

मिठागरात समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेत आटवतात. पाणी आटताना आधी चुन्यासारखे क्षार खाली बसतात. मग खायचं मीठ धरतं. शेवटी जे कडू पाणी उरतं ते काढून टाकतात. त्या कडू पाण्यात मॅग्नेशियमसारखे क्षार जातात. म्हणजे आपल्या हातात येतं ते समुद्राच्या मिठातलं फक्त एक मीठ. बाकीचे क्षार वाटेतच गळाले. ते मीठ परत पाण्यात टाकून गेलेले क्षार परत येत नाहीत. ताकातून लोणी काढल्यावर उरलेल्या ताकाचं पुन्हा दही होत नाही, तसंच हे.

म्हणून खाऱ्या टाकीसाठी मत्स्यालयाचं वेगळं मीठ मिळतं. त्यात हे सगळे क्षार प्रमाणात घातलेले असतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशोबाने १०० लिटर पाण्याला साडेतीन ते चार किलो मीठ लागतं. ते चमच्याने अंदाजे घालायचं नाही, खारटपणा मोजायच्या साधनाने तपासायचं. विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ यांच्यामध्ये असावं. पाण्याची ऊब २४ ते २७ अंश सेल्सिअस असावी.

मिठागराचाच धडा आणखी एका जागी कामाला येतो. टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं. आटताना फक्त पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणजे टाकीचं पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. त्यामुळे आटलेलं पाणी भरून काढताना गोडं पाणीच घालायचं, खारं नाही. आपल्या उन्हाळ्यात तर रोज बघावं लागतं. हे गोडं पाणीही तपासूनच घ्यायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचं पाणी मुळात क्षाराचं असतं. गाळणी यंत्रातून काढलेलं शुद्ध पाणी त्यातल्या त्यात भरवशाचं.

टाकीलाही विरजण लागतं

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच सर्वात जास्त मासे मरतात. टाकी आणली, पाणी भरलं, मीठ घातलं आणि त्याच दिवशी मासा सोडला, तर तो काही दिवसांत जातो.

मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीपासून अमोनिया होतो. बंद गोठ्यात शिरलं की नाकात जो उग्र वास जातो, तोच हा अमोनिया. पाण्यात तो विष आहे. समुद्रात ती घाण अथांग पाण्यात विरून जाते. टाकीत ती जाणार कुठे? तिथे जिवाणू उपयोगी पडतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढून टाकता येतं.

हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये राहतात आणि त्यांची वाढ व्हायला वेळ लागतो. दूध तापवलं की लगेच दही होत नाही, विरजण लावून थांबावं लागतं. टाकीचं विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. मासा न सोडता, कोळंबीचा एक तुकडा पाण्यात ठेवून किंवा चालू टाकीतली थोडी वाळू आणून ही सुरुवात करतात. दर दोन-चार दिवसांनी चाचणी संचाने पाणी तपासायचं. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, असं सलग आलं की मगच पहिला मासा. आणि तोही लहान, सोशिक मासा. मोठा एंजल सगळ्यात शेवटी, कारण तो आधी आला तर सगळी टाकी आपलीच समजतो आणि नंतर येणाऱ्याला जगू देत नाही.

टाकीला एक फेस काढणारं यंत्र लागतं, त्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. उधाणाच्या वेळी किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो ना? पाण्यातली चिकट घाण बुडबुड्यांना धरून वर येते, म्हणून तो फेस होतो. हे यंत्र टाकीत तेच करतं. बारीक बुडबुडे सोडून घाण फेसात धरतं आणि फेस वेगळ्या भांड्यात काढतं.

केवढी टाकी, केवढं वजन

एका पूर्ण वाढलेल्या मोठ्या एंजलला साधारण ७०० लिटरची टाकी लागते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी धरली तर तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. त्या पाण्याचं वजनच ७०० किलोच्या जवळ जातं. वर जाड काच, दगड, वाळू आणि लोखंडी घोडा. सगळं मिळून एक टनाच्या आसपास. सारवलेल्या जमिनीवर ते उभं केलं तर एक पाय खचतो आणि काच तडकते. पक्क्या, सपाट फरशीवरच ते बसवावं लागतं.

दर पंधरा दिवसांनी त्यातलं दहा टक्के पाणी बदलायचं. म्हणजे ७० लिटर एकदा आणि महिन्याला १४० लिटर. त्याला महिन्याला पाच किलो मीठ लागेल. आणि काढलेलं खारं पाणी ओतायचं कुठे, हेही आधी ठरवावं लागतं. चिकूच्या आळ्यात, भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ ते ओतलं तर जमीन खारावते. वाडी ही आपली पोटाची पिशवी आहे, शोभेच्या माशासाठी ती बिघडवू नये.

वीज हा दुसरा खर्च. पंप आणि स्किमर चोवीस तास चालतात. हिशोब आपणच करू शकतो. समजा सगळी यंत्रं मिळून १५० वॅटची आहेत. १५० गुणिले २४ तास, भागिले १०००, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट. महिन्याला १०८ युनिट. दिवा आणि थंड करायचं यंत्र वेगळं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पाणी ३० अंशांच्या वर सहज जातं, तेव्हा पंखा किंवा थंडावा द्यावाच लागतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तो जास्त लागतो. त्यात पावसाळ्यात तार तुटून आठ तास वीज गेली, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच.

विजेची एक सावधगिरी. खाऱ्या पाण्यातून वीज चटकन वाहते. प्लग टाकीच्या वर, बाजूला असावा. वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकेल, प्लगात जाणार नाही. विजेचा झटका तोडणारा स्विच बसवून घ्यावा. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करावं. लहान मुलं असलेल्या घरात तर हे विसरून चालणार नाही.

खायला काय, आजार कोणता

समुद्रात हा मासा स्पंज, शेवाळ आणि दगडांना चिकटलेले मऊ जीव खातो. स्पंज म्हणजे भांडी घासायचा नव्हे, तो समुद्रतळावर वाढणारा जीव आहे. टाकीत त्याला बारीक केलेली कोळंबी, माकूळ, तिसऱ्यांचं मांस, समुद्री शेवाळाचे सुकवलेले पापुद्रे आणि स्पंज घातलेलं तयार खाद्य देतात. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. खारवलेली मासळी किंवा सुका बोंबील चालत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हाचं खाद्य आधीच धुऊन, लहान पुड्या करून बर्फात ठेवावं लागतं. उरलेलं खाद्य पाण्यात राहू दिलं तर तेच कुजून अमोनिया होतं.

या माशाला प्रवाळ दिले तर तो तेही टोचून खातो. आणि आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे प्रवाळ आणि समुद्रघोडा हे संरक्षित जीव आहेत. ते पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. जाळ्यात समुद्रघोडा आला तर जिवंत परत सोडावा. "टाकीसाठी प्रवाळाचा तुकडा आणून द्या, पैसे देतो," असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणावं.

आजारांत सर्वात नेहमीचा म्हणजे अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येणं. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. ठिपके गळून पडले की मासा बरा झाला असं वाटतं, पण परजीवी तळाशी पडून वाढतात आणि अनेक पटींनी परत येतात. म्हणून नवीन मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवायचा. घरात नवीन कोंबड्या आणल्या की आपण त्या लगेच जुन्यांत सोडत नाही, तसंच. या आजारावर तांब्याचं औषध देतात, पण ते वेगळ्या टाकीतच, मोजून. मुख्य टाकीत टाकलं तर शिंपले, खेकडे, कोळंबी सगळं मरतं.

आणि टाकीचा कंटाळा आला म्हणून मासा खाडीत सोडायचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात १९८५ साली पहिल्यांदा परदेशी लायनफिश दिसला. तो पाळीव टाक्यांतून सुटला असं मानतात. आज तो तिथल्या समुद्रात सगळीकडे पसरला आहे आणि तिथली मासळी खातो आहे. समुद्रावर पोट असणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

मग धंदा का जमत नाही?

एवढी मेहनत आपण कशालाही करतो. भात लावतो, चिकू उतरवतो, रात्री उठून मासळी निवडतो. मेहनतीची आपल्याला भीती नाही. अडचण या माशाच्या स्वभावात आहे, आणि ती मेहनतीने सुटत नाही.

पहिली अडचण म्हणजे तो एकटा राहतो. एका टाकीत एकच. दहा मासे वाढवायचे तर दहा टाक्या. कोंबड्यांसारखं खुराडं करता येत नाही. दुसरी म्हणजे त्याची पिल्लं घरी होत नाहीत. नर-मादी समुद्रात वर येऊन पाण्यात अंडी सोडतात, ती लाटेबरोबर तरंगत जातात. त्यातून निघणारं पिल्लू इतकं बारीक असतं की त्याला भरवणं मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही कठीण जातं. परदेशात मोजक्या ठिकाणी ते जमलं आहे. म्हणून बाजारातले बहुतेक मोठे एंजल समुद्रातून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाकडे काही ठिकाणी सायनाइड हे विष फवारून, गुंगी आणून मासे पकडतात. असा मासा दुकानात छान दिसतो, खातोही, आणि काही दिवसांनी मरतो. विकत घेणाऱ्याला कारण कळत नाही.

तिसरी अडचण म्हणजे तो चांगला सांभाळला तर पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. आज घरात जन्मलेली मुलगी दहावी होईपर्यंत त्याची टाकी चालू ठेवायची. हौस असलेल्या, पैसा असलेल्या घरासाठी हे चालेल. कर्जाचा हप्ता दर महिन्याला भरणाऱ्या गटासाठी नाही.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. मोठा एंजल हा शौकाचा मासा आहे, गटाच्या उत्पन्नाचा नाही. "आम्ही पिल्लं देतो, तुम्ही वाढवा, आम्हीच विकत घेऊ," असं कोणी सांगितलं तर २०१२ च्या सुमाराची इमूपालनाची गोष्ट आठवा. तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत किती शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकले. पक्षी दारात उभे होते आणि घेणारा गायब होता.

गटाला जमेल असा मासा

याचा अर्थ शोभेच्या माशांचा रस्ताच बंद आहे असं नाही. त्याच खाऱ्या पाण्यात राहणारा क्लाऊनफिश पाहा. केशरी अंग, पांढरे पट्टे, बोटाएवढा. तो जोडीने राहतो, दगडाला किंवा कौलाला अंडी चिकटवतो आणि नर त्यांची राखण करतो. साधारण आठवड्याभरात अंडी फुटतात. या माशाची आणखी एक गंमत आहे. सगळे क्लाऊनफिश आधी नर असतात. त्यांच्यात जो सर्वात मोठा तो मादी होतो आणि घर तिच्या हुकमाने चालतं. ती मेली की तिचा नर मादी होतो.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशचं प्रजनन आपल्या देशात यशस्वी केलं आहे. आपल्या राज्यात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला सागरी शोभिवंत माशांचं प्रजनन केंद्र उभारलं. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिथल्या महिलांना शोभेचे सागरी जीव वाढवायला शिकवलं. या सगळ्यात रीत एकच आहे. अंडी उबवायचं अवघड काम केंद्र करतं, पिल्लं वाढवायचं काम महिला करतात, आणि समुद्रातून काही ओरबाडलं जात नाही.

तलासरीसारख्या आतल्या गावांना तर गोड्या पाण्यातले मोली, गप्पी यांपासून सुरुवात करणं सोपं. सिमेंटच्या टाकीत ते वाढतात आणि जिवंत पिल्लं देतात. टाकीचं विरजण, रोजची तपासणी, वेगळं ठेवणं, हे सगळं त्यावर हात बसेपर्यंत शिकता येतं. त्यात नुकसान झालं तरी ते सोसता येतं.

पैशाच्या मदतीचं सांगायचं तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. घरामागच्या जागेत शोभेचे मासे वाढवायच्या लहान युनिटसाठी तिच्यात ३ लाख रुपये खर्च धरला आहे, आणि महिलांना त्यावर ६० टक्के मदत ठेवली आहे. उरलेले ४० टक्के आपले, हे विसरू नका. योजनेच्या अटी आणि मुदत बदलत असतात, म्हणून पालघरच्या मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात जाऊन आजची स्थिती विचारावी. शेती-पूरक धंद्याबद्दल बोलायला कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्रही आपल्याला जवळ आहे.

मैत्रिणींनो, कोणत्याही शोभेच्या माशासाठी गटाने हात वर करण्याआधी बैठकीच्या वहीत पाच प्रश्न लिहा आणि उत्तरं सगळ्यांसमोर वाचा. हा मासा गोड्या पाण्यातला की खाऱ्या, आणि पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो? तो केंद्रात जन्मलेला आहे की समुद्रातून पकडलेला? एका टाकीत किती राहतात? महिन्याची वीज, मीठ, खाद्य आणि पाण्याचा खर्च किती, आणि वीज गेली तर काय करणार? विकत घेणारे किमान दोन वेगळे कोण आहेत, आणि त्यांनी दर लिहून दिला आहे का?

यातल्या एकाही उत्तराची जागा कोरी राहिली, तर त्या महिन्यात कर्जाच्या अर्जावर अंगठा किंवा सही करू नका. जागा भरली की मग खुशाल पुढे जा.